मॅडम धाडस करतात

लातूरला जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या अजून नव्या कोऱ्या होत्या, पण पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. त्या उन्हाळ्यात मल्लिकार्जुन बोळेगावे मुंबई–औरंगाबाद–नांदेड या मार्गावर सहवैमानिक म्हणून उडत होता. विमान एकोणीस आसनांचं, पंख्याचं. कंपनीही तशीच छोटी. मोठ्या शहरांचे मार्ग मोठ्या कंपनीकडे होते. तिची विमानं जिथं जायला तयार नसत त्या गावांना छोट्या कंपनीनं जायचं, अशी वाटणी होती.

मुंबईच्या विमानतळावर दोन्ही कंपन्यांचे वैमानिक एकाच कँटीनमध्ये चहा प्यायचे, पण टेबलं वेगळी. छोट्या कंपनीचं कुणी आत आलं की पलीकडच्या टेबलावरून हमखास आवाज यायचा, "आले एष्टीवाले." मग हसणं. त्यांच्या लेखी छोट्या विमानावरचा अनुभव हा अनुभवच नव्हता. आमच्याकडे यायचं तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करा, असं ते तोंडावर सांगत. यावर छोट्या कंपनीचे लोक म्हणत, तुम्हाला काय, तुमच्या धावपट्ट्या दोन-दोन मैलांच्या आणि खाली दिवे लावून ठेवलेले. नांदेडला येऊन दाखवा. हे बोलण्यात मल्लिकार्जुन सगळ्यांच्या पुढं असायचा. पण पलीकडच्या टेबलावरच्या टोप्यांकडं त्याचं लक्ष जायचं, तेही खरं. लातूरच्या गंजात, धान्याच्या बाजारात, त्याच्या वडिलांचं, माणिकप्पांचं आडतीचं दुकान होतं. "आमचा मल्लू इमान चालवतो," एवढंच ते लोकांना सांगत. कुठलं विमान, हे कुणी विचारत नसे, आणि मल्लिकार्जुनही आपण होऊन सांगत नसे.

त्याला तयार केलं होतं कॅप्टन सौदामिनी उमरीकर यांनी. त्या नांदेडच्याच. वडील श्रीपादराव, घरात सगळ्यांचे नाना, गणिताचे मास्तर, आता निवृत्त. विमान चालवणाऱ्या बायका तेव्हा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मोठ्या कंपनीत त्यांनी दोनदा अर्ज केला होता. पहिल्या वेळी त्यांचा अनुभव कमी पडला आणि दुसऱ्या वेळी वय जास्त झालं. हे त्या अगदी सहज सांगायच्या, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मल्लिकार्जुन कंपनीत आला तेव्हा त्याचा हात जड होता, बोलणं लातूरचं होतं आणि इंग्रजीत रेडिओवर बोलायचं म्हटलं की वाक्य अर्ध्यात अडायचं. सौदामिनीबाईंनी त्याला बाजूला बसवून दोन वर्षं शिकवलं. चुकला तर रागवायच्या, पण चारचौघांत कधीच नाही.

तो प्रसंग एप्रिलअखेरचा. दुपारची वेळ. औरंगाबादहून निघाले तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. नांदेड जवळ येऊ लागलं तसं खालचं सगळं करडं होत गेलं. दोन वर्षं न भिजलेली माती वाऱ्याबरोबर उठली होती. शेतं, झाडं, गोदावरीचं पात्र, काहीच धड दिसेना. नांदेडहून रेडिओवर सांगितलं, धूळ आहे, पण धावपट्टी दिसतेय. विमान मल्लिकार्जुन चालवत होता. ठरावीक उंचीपर्यंत खाली यायचं, तोवर धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचं, असा नियम होता.

"दिसली मॅडम," तो म्हणाला. "समोर."

"मला दिसत नाही."

"ती काय, पांढरी."

"मल्लिकार्जुन, मला दिसत नाही. वर चल."

त्यानं ऐकलं नाही. कसं ऐकलं नाही हे त्याला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. समोर पांढरा सरळ पट्टा स्पष्ट दिसत होता, आणि त्या महिन्यात त्याच्या कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या, परीक्षेची तारीख आली होती. आपल्याला आधी दिसली, मॅडमना नाही, याचा त्याला आतून आनंद झाला होता. त्यानं विमान खाली नेलं.

तो कालवा होता. आत पाण्याचा थेंब नव्हता, आणि सिमेंटचं अस्तर उन्हात चमकत होतं.

"विमान माझ्याकडे," सौदामिनीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मल्लिकार्जुननं हात काढून घेतले. त्यांनी नाक उचललं, दोन्ही इंजिनं पूर्ण जोरात टाकली, आणि त्याच क्षणी उजवीकडं, बरीच बाजूला, त्यांना खरी धावपट्टी दिसली. बाभळींच्या शेंड्यांवरून विमान वळवून त्यांनी ते पट्टीवर टेकवलं. मागं प्रवाशांचे डबे, पिशव्या घरंगळल्या. एक बाई रडत होती. दुष्काळाच्या पाहणीला आलेला एक अधिकारी उतरता उतरता म्हणाला, "मी वर लेखी कळवणार आहे."

त्यानं कळवलं. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात दोघांना बोलावणं आलं. बाहेरच्या बाकावर बसले असताना सौदामिनीबाई म्हणाल्या, "विमान मी चालवत होते, असं सांगणार आहे."

"नको मॅडम. खरं सांगू या."

पण हे तो इतक्या हळू म्हणाला, की त्यांनी ते ऐकलं नसतं तरी त्याला चाललं असतं.

"तुझी परीक्षा तोंडावर आलीय," त्या म्हणाल्या. "आत्ता हे तुझ्या नावावर लागलं तर तुझी कमांड गेली. माझं काय, मी बारा वर्षं उडतेय. एक ओरखडा आला तर मरत नाही. आणि वळवून उतरवलं ते मीच ना? पुन्हा वर जायला हवं होतं. तेवढं माझंही चुकलंच." मग म्हणाल्या, "पण पुन्हा असं करू नकोस. मी दिसत नाही म्हटलं होतं."

"हो मॅडम."

सौदामिनीबाईंना महिनाभर घरी बसवलं. मल्लिकार्जुन परीक्षा पास झाला आणि त्याच्या खांद्यावर चौथी पट्टी आली. लातूरला गेला तेव्हा आईनं, रत्नम्मानं, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवताना त्याला मॅडमची आठवण झाली. हे फेडायचं आहे, असं त्यानं मनाशी म्हटलं, आणि मग ते मनातच राहिलं.

थंडीच्या दिवसांत बातमी आली. नांदेडचा मार्ग मोठी कंपनी घेणार. पन्नासेक आसनांचं विमान येणार. छोटी कंपनी या भागातून गाशा गुंडाळणार, आणि तिच्या वैमानिकांपैकी काहींना, पारखून, मोठी कंपनी सामावून घेणार. पारखून घेतलेल्यांनाही सेवाज्येष्ठतेत सगळ्यांत खाली बसवायचं, काल भरती झालेल्या पोरांच्याही खाली. कँटीनमधल्या पलीकडच्या टेबलानं ती अट घालून घेतली होती.

मुंबईत छोट्या कंपनीच्या विश्रामगृहात सगळे जमले. सौदामिनीबाई म्हणाल्या, "आपण एकेकटे गेलो तर ते म्हणतील ते ऐकावं लागेल. सगळ्यांना घ्या आणि आमचा अनुभव धरा, नाहीतर कुणीच येत नाही, असं सांगू. आपल्याशिवाय त्यांना नांदेड काय, परभणीसुद्धा ओळखता येणार नाही निदान वर्षभर."

लोक हसले. मल्लिकार्जुन उठून उभा राहिला. "जो एकटा जाईल तो आपला नाही," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सौदामिनीबाईंनी त्याच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

आठवड्याभरात त्याला कॅप्टन सबनीसांचं बोलावणं आलं. मार्तंड सबनीस मोठ्या कंपनीत प्रशिक्षणाचे प्रमुख होते. मूळचे पुण्याचे, बोलायला मृदू. एष्टीवाले हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. ऐकून तर घेऊ, हो म्हणायचं कुणी सांगितलंय, असं स्वतःला समजावत मल्लिकार्जुन गेला. जाताना कुणाला सांगितलं नाही.

सबनीसांनी चहा मागवला. घरचं विचारलं. लातूर म्हटल्यावर म्हणाले, "तिकडं फारच वाईट परिस्थिती आहे म्हणे पाण्याची."

"हो सर. टँकरवर चाललंय."

"तुमच्याबद्दल चांगलं ऐकलंय. तुम्हाला आम्ही घेऊ शकतो, असं आज तरी वाटतंय." त्यांनी कप खाली ठेवला. "एक विचारायचं होतं. उमरीकर बाईंबद्दल. आमच्यातले काही जण त्यांना घ्यायच्या बाजूचे आहेत. मीसुद्धा. पण तो नांदेडचा प्रकार मध्ये येतो. इतक्या खाली विमान कसं आलं? तुम्ही सोबत होतात."

"होतो सर."

"काय झालं होतं नक्की?"

खोलीत पंखा चालू होता. खिडकीतून पलीकडे विमानतळावर उभी असलेली मोठ्या कंपनीची विमानं दिसत होती. विमान मी चालवत होतो, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात आले होते. ते म्हटलं असतं तर चहा अर्धा टाकून उठावं लागलं असतं, हे त्याला कळत होतं.

"सर," तो म्हणाला, "मॅडम धाडस करतात."

"म्हणजे नेहमी?"

"कधी कधी."

सबनीसांनी मान हलवली. वाईट वाटल्यासारखं करून त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "हेच मला जाणून घ्यायचं होतं. धाडस आम्हाला परवडत नाही."

बाहेर पडल्यावर मल्लिकार्जुन जिन्यात थांबला. मी खोटं काय बोललो, असं तो स्वतःला विचारत राहिला. मॅडम धाडस करतात हे खोटं नव्हतंच. त्या दिवशी त्यांनी धाडस केलं म्हणून एकोणीस माणसं जिवंत राहिली. पण सबनीसांना त्याचा काय अर्थ लागला आणि त्यानं तो कसा लागू दिला, हे त्याला नीट माहीत होतं.

मल्लिकार्जुन धरून चौघांना घेतलं. सौदामिनीबाईंना घेतलं नाही. चौघांपैकी एकानंही, आम्ही येत नाही, असं कळवलं नाही. मल्लिकार्जुन गेला तर आपण का थांबायचं, असं बाकीचे तिघं म्हणाले. सगळे मिळून जायचं किंवा कुणीच नाही, ही गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. शेवटच्या महिन्यात मल्लिकार्जुननं मॅडमबरोबर जायची वेळ येऊ नये म्हणून दोनदा तब्येतीचं कारण सांगितलं. छोटी कंपनी नांदेडहून गेली तेव्हा सौदामिनीबाई हैदराबादच्या एका फ्लाइंग क्लबमध्ये पोरांना शिकवायला लागल्या. सुट्टीला नांदेडला वडिलांकडं यायच्या.

लातूरला मात्र बातमी वेगळ्याच थाटात पोहोचली होती. आता बोळेगाव्यांचा पोरगा मोठ्या कंपनीत गेला. गंजातल्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की सत्कार करायचा. मल्लिकार्जुननं फोनवर नको नको म्हटलं. माणिकप्पांनी ऐकलं नाही.

"तीन सालापासून लोकांच्या तोंडावर हसू न्हाई," ते म्हणाले. "माल न्हाई, पाणी न्हाई. एक चांगली गोष्ट झाली तर करू दे की लोकायला."

तो आदल्या दिवशी लातूरला पोहोचला. दुकानात पोती थोडी आणि रिकामी जागा फार. माणिकप्पा तक्क्याला टेकून बसले होते, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात नीळ दिलेला शर्ट.

"मल्लू, तुझ्या म्याडमला बी बोलावलंय."

मल्लिकार्जुन उभाच राहिला. "कशाला अप्पा?"

"कशाला म्हंजे? तुला शिकिवलं कुणी? म्या स्वतः जाऊन आलो नांदेडला, एष्टीनं. गेल्या सालची थोडी तूरडाळ व्हती, ती घेऊन गेलो. तिचे वडील मास्तर हायेत. लई सज्जन मानूस. दोन घंटे बसलो बोलत. आणि ती बाई तर लईच साधी हाय."

"काय म्हणाल्या?"

"येते म्हणली. काय म्हणणार?"

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. रत्नम्माला वाटलं, प्रवासानं पित्त झालं असेल. तिनं कोकमाचं पाणी करून दिलं.

सत्कार सकाळीच होता, ऊन चढायच्या आत. व्यापारी मंडळाच्या हॉलमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती. फुलं कुठं मिळाली नव्हती, म्हणून हार कापडी फुलांचे होते. सौदामिनीबाई पहाटेच्या गाडीनं आल्या. मल्लिकार्जुननं त्यांना कायम वर्दीत बघितलं होतं. आज त्या सुती साडीत होत्या, खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर धूळ. माणिकप्पांनी त्यांना हात जोडून पहिल्या रांगेत बसवलं. मल्लिकार्जुन नव्या वर्दीत स्टेजवर होता. तो त्यांच्याकडं बघून हसला, पण ते हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही.

अध्यक्षांनी बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या.

"बोळेगावे चांगले वैमानिक आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांचा हात हलका आहे. हात हलका असणं हा मोठा गुण असतो. त्यांच्या आईवडिलांनी त्यांना इतक्या लांब पाठवलं. आज एवढ्या अडचणीत तुम्ही सगळे इथं आलात ते माणिकप्पांवरच्या प्रेमानं, हे मला दिसतंय. मला बोलावलंत, आभारी आहे."

एवढं बोलून त्या बसल्या. मी शिकवलं, असं त्या कुठंच म्हणाल्या नव्हत्या. हॉलमध्ये हे कुणाच्या लक्षात आलं नसेल. मल्लिकार्जुनच्या आलं.

त्याची पाळी आली तेव्हा त्यानं सगळ्यांची नावं घेतली. आईचं, अप्पांचं, शाळेचं. मग म्हणाला, "आणि कॅप्टन उमरीकर मॅडम. त्यांनी मला..." पुढं काय म्हणायचं ते सुचेना. लोकांना वाटलं त्याचा गळा दाटून आला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत त्याचं वाक्य संपल्यासारखं झालं होतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटण्याची त्याला नंतर बाकी सगळ्यापेक्षा जास्त लाज वाटत राहिली.

जेवणं झाल्यावर माणिकप्पांनी फर्मावलं, "म्याडमला स्टँडवर सोडून ये. रिक्षात एकटं पाठवू नको."

दोघं रिक्षानं निघाले. स्टँडच्या बाहेर टँकर लागला होता. घागरी, डबे, बादल्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती, म्हणून रिक्षा अलीकडेच थांबली. दोघं रांगेच्या कडेकडेनं चालत गेले. नांदेडची गाडी लागायची होती. सौदामिनीबाई फलाटाच्या सावलीत उभ्या राहिल्या.

"मॅडम," मल्लिकार्जुन म्हणाला, "मला तुम्हाला सांगायचंय. सबनीस सरांकडं मी..."

"मला माहीत आहे."

तो एक पाऊल मागं सरला.

"सबनीसांनीच सांगितलं. मी भेटायला गेले होते त्यांना, मला का नाही घेतलं ते विचारायला. म्हणाले, तुमच्याच हाताखालचा मुलगा म्हणतो, मॅडम धाडस करतात." त्या पिशवीचा बंद सारखा करत होत्या. "मी त्यांना काही बोलले नाही. माझंच सांगितलेलं होतं ना, विमान मी चालवत होते म्हणून. आता कुठल्या तोंडानं बदलू?"

"मग आज आलात कशाला?"

"तुझे अप्पा आमच्या घरी आले. नानांशी केवढ्या गप्पा मारल्या त्यांनी. नाना गेल्या कित्येक महिन्यांत इतके बोलले नव्हते. निघताना मला म्हणाले, पोराला माणूस केलंत तुम्ही. त्यांना काय सांगणार होते मी?" त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ बघितलं. "मी त्यांच्यासाठी आले. तुझ्यासाठी नाही आले."

"मी सबनीस सरांना जाऊन खरं सांगतो."

"सांग, नाहीतर नको सांगूस. मला विचारून सांगू नकोस. तेवढं तरी माझ्यावर टाकू नकोस."

गाडी आली. गर्दी दाराशी लोटली. तो त्यांची पिशवी धरायला पुढं झाला, तेव्हा त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

मुंबईला गेल्या गेल्या सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण मोठ्या विमानाचं प्रशिक्षण सुरू होतं. ते पुरं होऊ दे, असं वाटलं. मग सबनीस परदेशी गेले होते. मग पावसाळा आला आणि त्या वर्षी थोडाफार झालाही. मल्लिकार्जुन आता कँटीनमधल्या पलीकडच्या टेबलावर बसत होता. एक दिवस दुसऱ्या कुठल्या तरी छोट्या कंपनीचे दोघं जण आत आले. टेबलावरून आवाज आला, "एष्टी लागली रे." सगळे हसले. मल्लिकार्जुनही हसला. हसल्यावर त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, तसा तो उठला आणि थेट सबनीसांच्या खोलीत गेला.

सबनीसांनी सगळं ऐकून घेतलं. या वेळी चहा मागवला नाही.

"हे तेव्हा सांगायला हवं होतं, बोळेगावे."

"हो सर."

"मी तुम्हाला सरळ प्रश्न विचारला होता."

"हो सर."

"आता सांगून काय हवंय तुम्हाला?"

"त्यांना बोलवा."

"आणि तुमचं काय करू?"

सबनीस खिडकीबाहेर बघत राहिले. "लाज मलाही वाटली पाहिजे," ते म्हणाले. "एका वाक्यावर मी एका माणसाचा निकाल लावला. दुसरं कुणाला विचारलंसुद्धा नाही."

मल्लिकार्जुनची नोकरी गेली नाही. त्याची कमांड मात्र पुढं ढकलली, बरीच पुढं, आणि त्याचं कारण सगळ्या कंपनीला कळलं. पलीकडच्या टेबलावर त्याच्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी राहू लागली. सौदामिनीबाईंना बोलावणं गेलं. पण अट जुनीच. आत यायचं ते सगळ्यांत खाली, त्या दिवशीच्या शेवटच्या पोराच्या मागं. बाई नाकारतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी होकार कळवला. विमान चालवायला मिळतंय ना, एवढंच म्हणाल्या म्हणे.

लातूरला जाऊन त्यानं अप्पांना सांगितलं, दुकानातच, गिऱ्हाईक नसताना. ऐकून झाल्यावर माणिकप्पांनी तराजूचं रिकामं पारडं सारखं केलं.

"म्या डाळ घेऊन गेलतो तिच्या घरी," ते म्हणाले. "तिला तवा ठाव व्हतं?"

"हाव अप्पा."

"ठाव असून घेतली. हसून घेतली." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "जा, घरी जा. आई वाट बघायलीय."

त्यानंतर गंजात कुणी मल्लूचं विचारलं, तर माणिकप्पा "हाय मुंबईला" एवढंच म्हणत.

काही वर्षांनी मल्लिकार्जुन मोठ्या कंपनीतही कॅप्टन झाला. रोस्टरमध्ये कुणाची जोडी कुणाशी लागेल ते हातात नसतं. एका सकाळी नांदेडच्या उड्डाणाला त्याच्यासोबत सहवैमानिक म्हणून सौदामिनी उमरीकर हे नाव आलं. सेवाज्येष्ठतेत त्या त्याच्या खाली होत्या आणि नियमानं तसंच बसायचं होतं. केसांत आता बरंच पांढरं दिसत होतं. त्यांनी आत येऊन टोपी ठेवली आणि म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, कॅप्टन."

"मॅडम, आज लँडिंग तुम्ही करा," औरंगाबादहून निघाल्यावर तो म्हणाला. "तुमचं गाव आहे."

"हा टप्पा तुमचा आहे. तुम्हीच करा."

तुम्ही. पूर्वी त्या रागवायच्या तेव्हासुद्धा तू म्हणायच्या. त्यानं विमान उतरवलं. सगळं ठीक झालं. त्यांनी नेमानं उंचीचे, वेगाचे आकडे वाचून दाखवले, जे सांगायचं ते सांगितलं, त्याहून एक शब्द जास्त नाही.

नांदेडला कुंपणापाशी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. सौदामिनीबाई त्यांच्याकडं गेल्या. परतीला वेळ होता. तिथून निघून जायलाही मल्लिकार्जुनला काही कारण सापडेना, म्हणून तो मागं गेला.

"नाना, हे आमचे कॅप्टन," त्या म्हणाल्या. नाव सांगितलं नाही.

श्रीपादरावांनी काठी काखेत धरून दोन्ही हात जोडले. मल्लिकार्जुन घाईघाईनं वाकू लागला तसं त्यांनी त्याला अडवलं. "अहो, वर्दीत वाकू नये. मुंबईचे का तुम्ही?"

"नाही. लातूरचा."

"लातूरचे." म्हातारे खुलले. "हिचा एक विद्यार्थी होता लातूरचा. तुमच्याच कंपनीत आहे. फार कौतुक करायची त्याचं, रोज नाव. त्याचे वडील आले होते आमच्याकडे, माणिकप्पा. काय माणूस! मग त्याचा सत्कार झाला, त्याला ही गेली होती. अलीकडे नाव काढत नाही. तुम्ही ओळखता का त्याला?"

सौदामिनीबाई दुसरीकडं बघत होत्या.

"मीच तो," मल्लिकार्जुन म्हणाला.

श्रीपादरावांनी डोळे बारीक करून त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडं, मग मुलीच्या. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला ते जुळेना.

"तुम्ही? तुम्ही हिचे विद्यार्थी ना? मग ही तुमच्या हाताखाली कशी?"

"नियम असतो तसा, नाना," सौदामिनीबाई म्हणाल्या. "सेवाज्येष्ठता."

"नियमामुळे नाही," मल्लिकार्जुन म्हणाला. "माझ्यामुळे."

विमानाला वीज द्यायला लावलेली गाडी तेवढ्यात घरघरत सुरू झाली होती. म्हाताऱ्यांनी कानाशी हात नेला.

"काय म्हणाले ते?"

"काही नाही," त्या म्हणाल्या आणि वडिलांचा दंड धरला. "उन्हात उभे राहू नका, चला. डबा आणलाय ना माझा?"

दोघं छपराकडं हळूहळू चालत गेले. मल्लिकार्जुन विमानाकडं वळला. अजून बराच वेळ होता, पण तो आत जाऊन आपल्या जागेवर बसून राहिला.